उसाचे पान उलटून बघा

मोठी बांधणी झाली, ऊस डोक्याच्या वर गेला, की आपले उसात शिरणे जवळजवळ थांबते. पाने अंगाला कापतात, सरीत पाणी असते, आणि आता तोडीपर्यंत करण्यासारखे काही राहिले नाही असा समज असतो. नेमक्या ह्याच काळात, लावणीपासून साधारण सहाव्या महिन्यानंतर, उसाच्या पानावर एक खूण उमटते. शेंड्याकडून तिसऱ्या ते सहाव्या पानाची मधली शीर खालच्या अंगाने पिवळी पडते. शिरेच्या दोन्ही बाजूंचे पान मात्र अजून हिरवेच असते. बांधावर उभे राहून ही खूण दिसत नाही. आत जाऊन, पान हातात धरून उलटावे लागते.

हा उसाचा पिवळ्या पानाचा रोग, आणि तो विषाणूमुळे होतो. कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या पट्ट्यात वर्षानुवर्षे शेतकऱ्यांनी उचलून धरलेल्या को ८६०३२ ह्या जातीवर तो येतो, कोसी ६७१ वर येतो, आणि इतर जातीही त्यातून पूर्ण सुटलेल्या नाहीत.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. उसाच्या विषाणूरोगावर औषध नाही. 'व्हायरसवर हमखास चालते' म्हणून दुकानात कुणी बाटली पुढे केली तर ती घेऊ नका. हा रोग आपल्या शेतात येतो तो बहुतेक वेळा बेण्यातून, आणि अडवायचा तर तो बेण्यातच अडवता येतो. त्यासाठी रोग ओळखता आला पाहिजे आणि तो कोणत्या वयात दिसतो हे माहीत पाहिजे.

दोन रोग, दोन वयांत

आपल्या उसावर प्रामुख्याने दोन विषाणूरोग दिसतात. एक मोझॅक आणि दुसरा हा पिवळ्या पानाचा. दोघांची दिसण्याची वेळ वेगळी आहे, आणि बेणे निवडताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

मोझॅक लहान उसात दिसतो. लावणीनंतर दीड महिन्यापासून चार-पाच महिन्यांपर्यंत त्याची खूण स्पष्ट असते. शेंड्यातले कोवळे पान सूर्याकडे धरून पाहा. निरोगी पान सगळीकडे सारख्या हिरव्या रंगाचे दिसते. मोझॅकच्या पानावर फिकट हिरव्या-पिवळसर जमिनीवर गडद हिरवे, वेडेवाकडे, तुटक चट्टे दिसतात. पानाच्या बुडाकडे, म्हणजे जिथे पान नुकतेच बाहेर पडते आहे तिथे, हे चट्टे सर्वांत ठळक असतात. ऊस मोठा होत गेला की ही खूण पुसट होत जाते. दहा महिन्यांच्या उसात मोझॅक शोधायला गेलात तर पुष्कळदा काहीच सापडत नाही, आणि प्लॉट निरोगी आहे असे वाटून बेणे तोडले जाते. विषाणू मात्र प्रत्येक डोळ्यात बसलेला असतो. भारतात मोझॅक दोन विषाणूंमुळे होतो, उसाचा मोझॅक विषाणू आणि उसाचा स्ट्रीक मोझॅक विषाणू. पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच ठोंबात सापडतात. शेतात डोळ्यांनी पाहून त्यांच्यात फरक करता येत नाही, आणि शेतकऱ्याला तो करण्याची गरजही नाही, कारण उपाय एकच आहे.

पिवळ्या पानाचा रोग उलट चालतो. पहिले चार-पाच महिने बाधित ऊस अगदी चांगला दिसतो. त्यानंतर मधल्या शिरेची खालची बाजू पिवळी होते, काही जातींत शिरेवर तांबूस-गुलाबी छटाही येते. पुढे पिवळेपणा शिरेपासून बाजूला पसरतो, पान टोकाकडून वाळत खाली येते, आणि वाळणे बहुतेक मधल्या शिरेला धरून होते. रोग जोरात असला तर शेंड्याकडची कांडी आखूड पडतात आणि पानांचा झुपका झाल्यासारखा दिसतो. ऊस बारीक राहतो. पाण्याचा ताण पडला, जमीन हलकी असली किंवा खोडवा असला की लक्षणे जास्त उठून दिसतात. ज्या उसाला खत-पाणी व्यवस्थित आहे त्यात विषाणू असूनही पान हिरवे राहू शकते. म्हणून 'माझ्याकडे पिवळे पान नाही' ह्याचा अर्थ 'माझ्याकडे रोग नाही' असा धरू नये.

शिरच का पिवळी पडते, हेही समजून घ्यावे. हा विषाणू पानाने तयार केलेली साखर खाली कांड्याकडे नेणाऱ्या नळ्यांमध्ये राहतो. त्या नळ्यांचे काम बिघडले की साखर पानातच अडकते. पान भरलेले आणि कांडे उपाशी, अशी स्थिती होते. म्हणून नुकसान दोन्हीकडून होते, वजनही घटते आणि रसातली साखरही. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बळी पडणाऱ्या जातींत उसाच्या उत्पादनातली घट एक तृतीयांशाहून जास्त मोजली आहे. कारखान्याला ऊस घालणाऱ्याला हे वजनकाट्यावर कळते, आणि गुऱ्हाळ चालवणाऱ्याला रसाच्या उताऱ्यात.

पिवळे ते सगळे विषाणूचे नव्हे

आपल्याकडे उसाचे पान पिवळे किंवा पांढरे पडले की 'केवडा पडला' म्हणायची पद्धत आहे. ह्या एका नावाखाली पाच-सहा वेगवेगळी दुखणी जमा होतात. त्यांतली काही दुरुस्त होणारी आहेत, म्हणून त्यांची ओळख पटवायला वेळ द्यावा.

सगळ्यात जास्त घोटाळा लोहाच्या कमतरतेशी होतो. शिरोळ, हातकणंगले भागातल्या क्षारपड आणि चुनखडीच्या जमिनीत हा प्रकार फार. यात कोवळ्या पानावर बुडापासून टोकापर्यंत सरळ, समांतर रेषा दिसतात, शिरा हिरव्या आणि मधली जागा फिकट. कमतरता वाढली की सगळे पान पांढुरके होते. मोझॅकचे चट्टे तुटक आणि वेडेवाकडे असतात, लोहाच्या रेषा सलग आणि आखीव असतात. शंका राहिलीच तर फेरस सल्फेटच्या अर्ध्या टक्क्याच्या द्रावणाची फवारणी करून पाहा. आठ-दहा दिवसांत नवे पान हिरवे निघाले तर दुखणे लोहाचे. विषाणूच्या पानात तसूभर फरक पडत नाही. एवढा सोपा पडताळा हाताशी असताना घाईने महागडी औषधे आणण्यात अर्थ नाही.

नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी पिवळी होतात आणि सगळ्या शेतात सारखी होतात. पाणी साचले तर शेताचा सखल भाग पिवळा पडतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगा-कृष्णेच्या काठचा ऊस असाच पिवळा पडला होता, मुळांना हवा नव्हती म्हणून. तणनाशकाचा झटका बसला तर पंप जसा फिरला तसा पट्टा दिसतो. विषाणू असा नकाशा पाळत नाही. तो ठोंबाठोंबाने दिसतो, एक ठोंब पिवळे आणि शेजारचे हिरवेगार. बेण्यातून आलेल्या रोगाची ही फार महत्त्वाची खूण आहे. मावा पसरवू लागला की मग त्या ठोंबाभोवती ठिकाण वाढत जाते.

पावसाळ्यात शेंड्याचे पान बुडाशी पांढुरके पडते, चुरगळते, पिळवटते, कधी शेंडा कुजतो. तो पोक्का बोइंग, म्हणजे बुरशीचा रोग आहे. त्याच्यावर बुरशीनाशक चालते.

आणि गवताळ वाढ. एका ठोंबातून गवतासारखे बारीक, पांढुरके, असंख्य फुटवे येतात, त्यांचा ऊस होतच नाही. खोडव्यात हे जास्त दिसते. पुष्कळ वर्षे हाही विषाणूच समजला जात होता. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कारण वेगळे निघाले, फायटोप्लाझ्मा नावाचा जिवाणूच्या जातकुळीतला सूक्ष्मजीव. हा फरक पुस्तकी नाही. फायटोप्लाझ्मा बेण्यातून उष्णतेने घालवता येतो. उष्ण बाष्प हवेच्या यंत्रात ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास बेणे ठेवायची पद्धत त्याच्यासाठीच आहे. तेवढ्या उष्णतेने मोझॅक किंवा पिवळ्या पानाचा विषाणू मरेल असा भरवसा देता येत नाही. 'आमचे बेणे उष्णप्रक्रिया केलेले आहे' हे वाक्य ऐकले की बरे वाटते, आणि ते खोटेही नसते, पण विषाणूबद्दल त्यातून काही कळत नाही. तीच गोष्ट नेहमीच्या बेणेप्रक्रियेची. टिपरी बुरशीनाशकात आणि जिवाणू खतात बुडवणे जरूर करा, उगवण सुधारते, बुरशी आटोक्यात राहते, पण विषाणू पेशीच्या आत असतो. तिथे ते द्रावण पोचत नाही.

बेणेच का

ज्वारी, भुईमूग, सोयाबीन ह्यांचे आपण बी पेरतो. बहुतेक विषाणू बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरत नाहीत, म्हणजे दर हंगामात पिकाला थोडीफार नवी सुरुवात मिळते. उसाला ती मिळत नाही. आपण कांडे लावतो, म्हणजे तेच झाड पुन्हा लावतो. आज आपल्या शेतात उभा असलेला को ८६०३२ हा नव्वदच्या दशकात पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने 'नीरा' नावाने दिलेल्या उसाचाच तुकडा आहे. मध्ये ह्या शेतातून त्या शेतात, ह्या गावातून त्या गावात तो किती वेळा तोडला आणि लावला गेला असेल, आणि त्या प्रत्येक ठिकाणी जो रोग लागला तो टिपरीबरोबर पुढे आला. 'जात जुनी झाली, पूर्वीसारखा उतारा नाही' अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. जातीचा गुण सहसा बदलत नाही. साठत जातो तो रोग. त्याच जातीचे स्वच्छ बेणे आणून लावले की ऊस पुन्हा जाड पडतो, हे अनेकांनी अनुभवले आहे.

जगात ह्याची मोठी किंमत चुकवलेली उदाहरणे आहेत. मोझॅकची पहिली नोंद १८९२ साली जावा बेटावर झाली आणि तिथून तो बेण्याबरोबर देशोदेशी गेला. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा साखर उद्योग १९२० च्या दशकात ह्या एका रोगाने जवळजवळ बसला. १९२६ मध्ये तिथले साखर उत्पादन सुमारे ४७ हजार टनांवर आले होते. तो सावरला तो जावाच्या पीओजे जातींमुळे, आणि पाठोपाठ आपल्या कोइमतूरच्या को २८१ आणि को २९० ह्या जातीही तिथे लावल्या गेल्या. रानटी उसाशी संकर करून ह्या जातींत रोग सोसण्याची ताकद आणली होती. पिवळ्या पानाचा रोग त्या मानाने अलीकडचा. १९८९ मध्ये हवाई बेटांवर तो लक्षात आला, नव्वदच्या दशकात ब्राझीलमध्ये एसपी ७१-६१६३ ही चांगली चालणारी जात त्याने मागे घ्यायला लावली, आणि भारतात १९९९ मध्ये त्याची नोंद झाली. आज देशातला बहुतेक सगळा ऊसपट्टा त्याच्या कक्षेत आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात धोका वाढवणाऱ्या काही गोष्टी आपल्या सवयीच्या आहेत. खोडव्यानंतर निडवा, आणि त्याच्याही पुढे ऊस राखणे ही एक. दरवेळी रोगट ठोंब पुन्हा फुटते आणि मावा शेजारच्या ठोंबावर जात राहतो. दुसरी, महापुरात नदीकाठचे बेणेप्लॉट गेले की मिळेल तिथून बेणे आणणे. त्या घाईत ऊस कोणाचा, किती वर्षांचा, लावणीचा की खोडव्याचा, हे विचारायचे राहून जाते. आणि तिसरी गोष्ट गेल्या काही वर्षांतली, ट्रेमधली तयार रोपे. रोपांची पद्धत चांगली आहे, बेणे वाचते, नांग्या पडत नाहीत, मी तिच्या बाजूचाच आहे. पण एका रोपवाटिकेतून शेकडो एकरांना रोपे जातात, आणि महिन्या-सव्वा महिन्याच्या रोपावर पिवळ्या पानाच्या रोगाची एकही खूण दिसत नाही. तेव्हा रोपे किती हिरवी आहेत हे बघून भागणार नाही. डोळे कोणत्या प्लॉटमधून काढले, त्या प्लॉटचे वय काय होते, तो खोडवा तर नव्हता ना, हे विचारा आणि शक्य असेल तर तो प्लॉट रोपे मागवण्याआधी जाऊन बघा. नीट चालवलेल्या रोपवाटिकेला ह्या प्रश्नांचा राग येत नाही.

बेणेप्लॉट आपलाच करा

माझा आग्रह असा की प्रत्येकाने आपल्यापुरते बेणे आपल्या शेतात करावे. दोन डोळ्यांच्या टिपरीने एक एकर लावायला चार-पाच गुंठ्यांचा बेणेप्लॉट पुरतो, एक डोळा पद्धतीने त्याहून कमी. चार-पाच गुंठ्यांवर लक्ष ठेवणे कोणालाही जमते. पाच एकर उसात पाने उलटत बसणे कोणाला जमणार नाही.

प्लॉटची सुरुवात मात्र स्वच्छ बेण्याने झाली पाहिजे. पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र, कोल्हापुरातलेच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र, आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही बेण्याची खात्रीची ठिकाणे. मूलभूत बेण्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था तिथून सुरू होते, आणि बहुतेक साखर कारखाने आपल्या सभासदांसाठी त्यातले बेणे आणतात. नोंदणी आधी करावी लागते. गटातल्या कृषी सहायकाला किंवा चिटबॉयला वेळेवर सांगून ठेवा. लावणीच्या तोंडावर गेलात तर उरलेसुरले मिळेल.

ऊतिसंवर्धित रोपांबद्दल दोन शब्द. उसाच्या शेंड्यातला अगदी टोकाचा, मिलिमीटरच्याही अंशाएवढा वाढीचा भाग असा असतो की जिथे विषाणू सहसा पोचलेला नसतो. तो भाग काढून प्रयोगशाळेत वाढवला तर रोगट जातीतूनही निरोगी झाड मिळते. विषाणू बेण्यातून घालवायचा आज हाच भरवशाचा मार्ग आहे. पण 'टिश्यू कल्चर' एवढ्या शब्दावर विश्वास टाकू नका. मातृवृक्षाची आणि रोपांची विषाणूतपासणी झाली आहे का, हा खरा प्रश्न. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण योजना चालवली आहे. तिच्याखाली तपासणी होऊन प्रमाणपत्राची लेबले मिळतात. लेबल मागा. अशी रोपे महाग पडतात, म्हणून सगळ्या शेताला लावायची गरज नाही. बेणेप्लॉटापुरती आणा, त्याचे बेणे दोन-तीन पिढ्या वापरा, मग पुन्हा नवी आणा. तीन-चार वर्षांनी बेणे बदलायचे म्हणतात ते ह्यासाठी.

आता पाहणीचे वेळापत्रक. आडसाली लावणीसाठी जुलै-ऑगस्टमध्ये दहा-अकरा महिन्यांचे बेणे हवे, म्हणजे बेणेप्लॉट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेला असतो. त्यात पहिली पाहणी मोझॅकसाठी, नोव्हेंबर ते जानेवारी ह्या काळात निदान दोनदा. सकाळी उन्हे तिरपी असताना जा, सूर्याकडे तोंड करून कोवळी पाने बघत सरीने चाला. दुसरी पाहणी पिवळ्या पानासाठी, एप्रिल-मे महिन्यांत, आणि शेवटची बेणे तोडण्याआधी आठ दिवस. सुरू हंगामासाठी बेणे करत असाल तर प्लॉट मार्च-एप्रिलमधला, मग मोझॅक बघायचा मे ते जुलैमध्ये आणि पिवळे पान ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. एकाच पाहणीत दोन्ही रोग सापडतील अशी वेळ उसाच्या आयुष्यात येत नाही. म्हणून बेणे विकत घेणाऱ्यालाही माझे सांगणे आहे की तोडीच्या दिवशी जाऊन केलेली पाहणी अर्धीच असते. ज्याच्याकडून बेणे घ्यायचे त्याच्या शेतात ऊस लहान असताना एक फेरी मारून या.

रोगट ठोंब दिसले की ते मुळासकट खणून काढा. वरून कापले तर बुडातून पुन्हा तेच फुटते. काढलेला ऊस जनावरांना घालायला हरकत नाही. हे विषाणू माणसाला किंवा जनावराला काही करत नाहीत. त्या उसाचा रस, गूळ, साखर सगळे खाण्याजोगे असते. शंभर ठोंबांत एक-दोन रोगट निघाले तर काढून टाकून प्लॉट ठेवा. पाच-सहाच्या वर गेले तर तो प्लॉट बेण्यासाठी सोडून द्यावा असे माझे मत आहे, कारण दिसतात तेवढेच रोगट नसतात. तोडताना कोयत्याकडेही लक्ष असावे. दुसऱ्याच्या शेतातून आलेला कोयता तसाच बेण्याला लावू नका. तो आगीवर तापवून किंवा जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून घ्या. पिवळ्या पानाचा विषाणू कोयत्याने पसरत नाही, पण खोडवा खुजा करणारा जिवाणू पसरतो, आणि मोझॅकच्या बाबतीत धोका नको.

मावा

बेण्यानंतर दुसरा वाहक मावा. दोन रोगांचा मावा वेगळ्या रीतीने काम करतो. पिवळ्या पानाचा विषाणू मुख्यतः उसावरचाच मावा नेतो, जो खालच्या पानांच्या मागे थव्याने बसतो, ज्याच्यामुळे पानावर चिकटा आणि नंतर काळी काजळी येते. ह्या माव्याच्या अंगात विषाणू एकदा शिरला की तो मरेपर्यंत राहतो. पण तो घ्यायला आणि द्यायला माव्याला बराच वेळ रस शोषावा लागतो. म्हणून इथे माव्याचा बंदोबस्त उपयोगी पडतो. मोझॅकचे तसे नाही. मक्यावरचा मावा आणि इतर उडते मावे क्षणभर पानाला सोंड लावून विषाणू उचलतात आणि तितक्याच वेळात दुसऱ्या पानाला देतात. कीटकनाशकाने मावा मरायच्या आत काम झालेले असते. मोझॅकसाठी फवारणीवर खर्च करणे वाया जाते.

म्हणून बेणेप्लॉटात किंवा त्याच्या कडेला वैरणीचा मका आणि ज्वारी घेऊ नका. दोन्ही पिकांवर ह्या विषाणूंचे आणि माव्यांचे येणे-जाणे असते. आंतरपीक घ्यायचेच तर भुईमूग, हरभरा, भाजीपाला घ्या. पाचव्या आणि सातव्या महिन्यांत खालची वाळलेली पाने काढून सरीत दाबा. माव्याची जागा मोडते, हवा खेळते, आणि आपल्याला आत फिरून पाने बघता येतात. ढालकिडे आणि क्रायसोपा दिसत असतील तर फवारणीची घाई करू नका. २००२ साली लोकरी मावा पश्चिम महाराष्ट्रात आला तेव्हा औषधांपेक्षा डिफा आणि मायक्रोमस ह्या मित्रकिडींनीच त्याला आवरले, हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना सांगायला नको. बेणेप्लॉटात मावा खरोखर वाढला तरच कृषी अधिकाऱ्याला नमुना दाखवून शिफारशीचे औषध वापरा, आणि मुंग्यांवरही लक्ष ठेवा, त्या माव्याला सांभाळतात.

शेतात रोग आहेच, तर

बरेच वाचक आज पान उलटून बघतील आणि त्यांना पिवळी शीर सापडेल. त्यांनी घाबरून ऊस मोडू नये. उभ्या पिकातला विषाणू काढता येत नाही, पण त्याचा मार कमी करता येतो. पाण्याचा ताण पडू देऊ नका, पण सरी तुंबू देऊ नका. नत्रावर नत्र टाकत बसू नका. माती परीक्षण करून पालाश, लोह, जस्त ह्यांची भर करा. पीक जितके सशक्त तितके लक्षण कमी आणि घटही कमी. ऊस वेळेवर तोडा. त्याचा खोडवा ठेवू नका, आणि ठेवायची वेळ आलीच तर एकच. निडव्याचा विचार सोडून द्या. मग त्या रानात सोयाबीन, भुईमूग किंवा तागाचे हिरवळीचे खत घ्या, जुनी खोडकी आणि आपोआप उगवलेला ऊस सगळा काढा, आणि नव्या बेण्याने लावण करा. हे विषाणू मातीत राहत नाहीत. रान स्वच्छ झाले आणि बेणे स्वच्छ आणले की सुरुवात खरोखर नवी होते.

खात्री करून घ्यायची असेल तर मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही. पिवळी शीर असलेली दोन-तीन पाने शेंड्यासह ओल्या कापडात गुंडाळून त्याच दिवशी कोल्हापूरच्या संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. सोबत जात, लावणीची तारीख, बेणे कुठून आणले आणि खोडवा कितवा, हे लिहून द्या. विषाणूची पक्की ओळख प्रयोगशाळेतल्या एलायझा किंवा आरटी-पीसीआर चाचणीने होते. ती कुठे करून घेता येईल हे तेथील रोगशास्त्रज्ञ सांगतील.

शेवटची विनंती बेणे विकणाऱ्यांना आहे. जुलैत बेण्याला कारखान्यापेक्षा बरा भाव मिळतो आणि दारात गिऱ्हाईक उभे असते, हे खरे. पण प्लॉटात पिवळी शीर दिसली असेल किंवा लहानपणी मोझॅक दिसला असेल, तर तो ऊस बेण्याला देऊ नका, वेळ आली की कारखान्याला किंवा गुऱ्हाळाला घाला. बेणे घेणारा बहुतेक आपल्याच भावकीतला, आपल्याच पाणीपुरवठा संस्थेतला असतो. त्याच्या शेतात गेलेला रोग माव्याबरोबर बांध ओलांडून पुन्हा आपल्याच रानात येतो.